कोंडा उडवणारा

सॅक उलटी धरायची, दोन्ही हातांनी गदागदा हलवायची, आतलं सगळं ताडपत्रीवर आदळलं की त्या ढिगाला एक सणसणीत लाथ घालायची आणि ओरडायचं, "कोंडा!"

त्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते असं. सॅक माझी होती, लाथ माझ्या सामानाला बसली होती आणि अंगणही माझंच होतं. भंडाऱ्यात माझं औषधांचं दुकान आहे, त्याच्या मागच्या अंगणात डोंगराचा नाद असलेले आम्ही चौघं जमलो होतो. हिमालयात जायचं ठरत होतं. हमाल न घेता, आपलं ओझं आपणच पाठीवर घेऊन, एका दमात वर जाऊन खाली यायचं, असा त्याचा बेत. तो विजेच्या खात्यात लाईनमन होता. आम्ही सगळे त्याला लाईनमनच म्हणायचो, त्यामुळे इथेही तेच म्हणते.

"ताई, हे काय हाय?" त्याने माझा टॉवेल दोन बोटांत धरला होता, मेलेला उंदीर धरावा तसा.

"टॉवेल."

"टॉवेल नाई, गोधडी हाय. तेथी बर्फात आंग पुसून कोनाले दाखवता?" एवढं बोलून त्याने कमरेचा चाकू काढला आणि माझ्या नव्याकोऱ्या टॉवेलचा टरकन रुमाल केला. मग टूथब्रशची दांडी मोडली. गोळ्यांची खोकी फाडली. साबणाची वडी भिंतीवर फेकून मारली आणि जो तुकडा उडाला तेवढाच माझ्या हातावर ठेवला.

मी कोणाचं ऐकून घेणारी बाई नव्हे. दुकानाच्या काउंटरमागे उभी राहून मी भल्याभल्यांना गप्प केलं आहे. मी माझा स्टीलचा थर्मास उचलला आणि त्याच्या अंगावर भिरकावला. तो त्याच्या खांद्याला लागून खणकन फरशीवर पडला. लाईनमनने खांदा चोळला, थर्मासकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम खुलला.

"हा! असं फेकाचं, ताई! शिकल्या तुमी!"

थर्मास अर्थात तिथेच राहिला. नको असलेलं वजन म्हणजे त्याच्या लेखी धानाचा कोंडा.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याचं प्रेम आधी अंगावर धावून येतं. लाईनमनचं सगळंच अंगावर यायचं. दार उघडायचा तर कडी उखडायची. पाठीवर थाप मारायचा तर ठसका लागायचा. डाव्या तळहाताला विजेने भाजल्याचा एक काळपट, चकाकणारा डाग होता आणि त्या हाताची बोटं पुरती मिटत नसत. खांबावर चढताना कमरेला नको असलेला एक पाना जरी लटकत असला तरी तो माणसाला खाली खेचतो, असं त्याचं म्हणणं. डोंगराचंही तेच. "जड मानूस हळू चालते. हळू मानूस ऊन लागेवरी तेथीच राह्यते. ऊन लागलं का बर्फ सुटते, वरून गोटे येतेत. मंग झालं!" असं म्हणून तो एका हाताची मूठ दुसऱ्या हातावर अशी आदळायचा की समोरचा डोळे मिटून घ्यायचा.

अन्नाच्या बाबतीत मात्र त्याचा न्याय निराळा होता. कोणाच्या सॅकमधून लाडू, चिवडा, शेव निघाली तर ती तो फेकायचा नाही. तिथेच बसून खायचा. "पोटात गेलं का वजन नसते," असं तोंड भरून सांगायचा. माझ्या घरचे किती लाडू त्या नियमात गेले हे विचारू नका.

आणखी एक नियम होता, तो लाईनमन हसत हसत सांगायचा. "मी वर मेलो त मले तेथीच सोडाचं. मेलेला मानूस निव्वळ कोंडा. त्याले उचलासाठी जितं मानूस मारू नोका."

"असं अभद्र बोलू नये," असं मास्तर म्हणायचे.

मास्तर अड्याळचे. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, जन्मात कोणावर हात न उगारलेले. त्यांचा एकच हट्ट होता, पितळेचा गडू. भंडाऱ्याचं पितळ म्हणजे काय, हे त्यांच्याकडून ऐकावं. चहा त्या गडूतच पिणार, मग बर्फ असो की वणवा. लाईनमनने झडती घ्यायच्या आधी ते गडू सॅकच्या तळाशी मोज्यांत गुंडाळून ठेवायचे.

एकदा आम्ही अड्याळच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सरावाला गेलो होतो. भरलेल्या सॅक पाठीवर घेऊन पाळीवरून फेऱ्या मारायच्या. खाली बांधीत, भाताच्या खाचरात, बाया रोपांचं रोवणं करत होत्या आणि आमच्याकडे बघून तोंडाला पदर लावत होत्या. चालता चालता मास्तरांच्या सॅकमधून टणटण आवाज आला. लाईनमन थांबला. त्याने मास्तरांना पाठीवरच्या सॅकसकट गर्रकन फिरवलं, सॅकमध्ये कोपरापर्यंत हात घातला, गडू उपसून काढला आणि एका झटक्यात तलावाच्या मध्यावर भिरकावून दिला.

"कोंडा!"

मास्तरांनी आधी पाण्यावर उठलेली वर्तुळं पाहिली. मग त्या गरीब माणसाने लाईनमनची गचांडी धरली आणि दोघे एकमेकांना गुद्दे घालत पाळीवरून गडगडत थेट चिखलात गेले. बाया रोवणं सोडून उभ्या राहिल्या. "अवं माय, मास्तर मारून राहिले वं!" एक ओरडली, त्यात काळजीपेक्षा कौतुकच जास्त होतं. मास्तरांचा चष्मा फुटला, लाईनमनचा ओठ फाटला. वर आला तेव्हा तो रक्त थुंकत हसत होता.

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या ओसरीवर गडू आला. चिंचेने घासून लखलखीत केलेला. लाईनमनने एकट्याने पाण्यात उतरून, बुड्या मारमारून तो शोधून आणला होता. "घरी पानी प्याले ठेवा," तो मास्तरांना म्हणाला. "डोंगरावर आनसान त पुन्हा फेकीन." मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असतं, पण थर्मासचा राग अजून गेला नव्हता.

हा एवढा राग कुठून येतो, हे त्याला मास्तरांनीच विचारलं. पुन्हा एकदा त्याच पाळीवर बसलो होतो. लाईनमन चाकूने बुटाचा चिखल खरवडत होता. मान वर न करता त्याने सांगितलं.

त्याचा बाप साकोलीला एका राईस मिलमध्ये हमाल होता. लाईनमन लहान असताना बापाचा डबा घेऊन मिलवर जायचा. एके दिवशी तो पोचला आणि त्याच्या डोळ्यांदेखत धानाच्या पोत्यांची थप्पी कलली. छतापर्यंत रचलेली. बाप खाली होता. पोती धडाधड कोसळली आणि बाप दिसेनासा झाला. फक्त एक हात बाहेर होता आणि तो हलत होता.

"हमाल धावले," तो म्हणाला. "एकानं चाकू काढला. पोतं फाडलं असतं, धान सांडलं असतं, वजन झपकन कमी झालं असतं. पन मालक ओरडला, पोतं फाडू नोका! धान मातीत जाईन! एक एक पोतं उचला, सावकाश. मंग एक एक उचललं. सावकाश."

चाकूचं टोक बुटाच्या तळव्यात रुतलं होतं. ते त्याने उपसून काढलं.

"हात हलाचा थांबला तवा अर्धी पोती बी उचलली नोहोती."

मी आणि मास्तर एकदम चपापलो, कारण आमच्यातला चौथा माणूस तिथेच, मास्तरांच्या पलीकडे बसला होता. तो त्या मालकाचा मुलगा. आता मिल त्याचीच होती. आम्ही त्याला शेठ म्हणायचो.

शेठ अंगाने भरलेला, गोरापान, कायम हसणारा. डोंगराचा नाद त्याला कसा लागला हे आम्हाला कळत नव्हतं. एवढंच दिसत होतं की लाईनमन जिथे जाईल तिथे तो येतो. लाईनमन त्याला हाकलत नसे आणि माफही करत नसे. मला आणि मास्तरांना सोडून सगळ्यांना अरेतुरे करणारा हा माणूस बरोबरीच्या शेठला मात्र "तुमी" म्हणायचा, आणि तो "तुमी" थोबाडीत मारल्यासारखा वाजायचा. शेठची सॅक तो सगळ्यात शेवटी उघडायचा आणि सगळ्यात वाईट तऱ्हेने रिकामी करायचा. शेठ हसत बघत राहायचा. पण एका गोष्टीवर तो हटून बसायचा.

आमच्या सगळ्यांच्या सॅकना लाईनमनचा चाकू लागला होता. वरची टोपी, बाजूचे खिसे, लोंबणारे पट्टे, त्याने सगळं छाटून टाकलं होतं. माझी सॅक तर केस कापलेल्या मेंढीसारखी दिसायची. शेठची सॅक परदेशी, निळीभोर, पंचवीस खिशांची. लाईनमन चाकू घेऊन तिच्याकडे वळला की शेठ मध्ये यायचा.

"सामान काय काढाचं थे काढ भाऊ. पन सॅकले चाकू नाई लावाचा. महाग हाय. फाटन."

"बापाचं रगत हाय," लाईनमन दात आवळून म्हणायचा आणि चाकू मिटायचा.

निघायच्या आदल्या आठवड्यात शेवटचं वजन करायचं होतं. माझ्या दुकानात माणसांचं वजन करायचा काटा आहे, पण लाईनमनला लटकवायचा काटा हवा होता. "माह्या मिलवर चला," शेठ म्हणाला. लाईनमन मिलच्या फाटकाच्या आत आला नाही. रस्त्यावर उभा राहिला आणि आम्ही आतून आकडे ओरडून सांगितले. प्रत्येक आकडा ऐकून तो उडी मारायचा. सगळ्यांची ओझी त्याने ठरवलेल्या हद्दीच्या आत होती. थोडी जागा उरत होती म्हणून त्याने मला जास्तीचे मोजे घ्यायला परवानगी दिली. असा खूश तो मी कधी पाहिला नव्हता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही चौघंही धानाच्या मुलखातली. मिलवर धान घालायला गेलं की काटा कमी दाखवतो, हे आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक असतं. प्रत्येक जण त्यावरून शिव्या घालतो. पण त्या दिवशी आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नाही. वजन कमी भरावं हीच आमची इच्छा होती आणि काट्याने ती पुरी केली, मग त्याच्यावर संशय कोण घेणार?

भांडं फुटलं ते हिमाचलात, जिथे गाडीरस्ता संपतो तिथे. तळावरच्या मुक्कामापर्यंत सामान खेचरांवर जाणार होतं, तिथून पुढे पाठीवर. खेचरवाल्याने आपला काटा काढला, पहिली सॅक लटकवली आणि आकडा सांगितला. लाईनमन म्हणाला, पुन्हा कर. पुन्हा तोच आकडा. दुसरी सॅक, तिसरी, चौथी. सगळ्यांचे आकडे मिलवरच्यापेक्षा फुगलेले. लाईनमनने खेचरवाल्याची मानगूट धरली.

"लूट रहा क्या बे?"

"साहब, काँटा सही है," तो बिचारा धडपडत म्हणाला आणि मिठाचा एक सीलबंद पुडा काट्याला अडकवला. पुड्यावर छापलं होतं तेवढंच काट्याने दाखवलं.

तेवढ्यात शेठ कपाळावर हात मारून हसला. "आबाबा! म्या त तुमाले खरेदीच्या काट्यावर नेलं! विक्रीचा काटा आतल्या खोलीत राह्यते. सवय नं भाऊ, सवय!"

पुढचं वाक्य त्याच्या तोंडातून निघालं नाही. लाईनमनची मूठ त्याच्या नाकावर बसली होती. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. शेठ खेचराच्या पायाशी कोसळला, खेचर बिथरून लाथा झाडत पळालं आणि लाईनमन शेठच्या छातीवर बसला.

"तुह्या बापाचा काटा! तुह्या बापाची पोती! माह्या बापाचं वजन कोन्त्या काट्यावर केलं बे? सांग! कोन्त्या काट्यावर?"

"तुमी" गेलं होतं. इतक्या वर्षांनी "तू" आला होता, आणि प्रत्येक शब्दाबरोबर एक गुद्दा. मास्तर सोडवायला गेले तर कोपर लागून मागे पडले. मी लाईनमनच्या केसांना धरून ओढलं, पाठीत लाथा घातल्या, हाताला चावले. त्याला कळतही नव्हतं. आणि शेठ हात वर करत नव्हता. मला भीती वाटली ती त्याची. त्याने तोंडावर हातसुद्धा धरला नाही, मार घेत राहिला.

शेवटी लाईनमन दमला. उठला, नदीवर गेला आणि रक्ताळलेल्या मुठी पाण्यात धरून बसून राहिला.

मी शेठच्या नाकात बोळे घातले. चेहरा सुजून भोपळ्यासारखा झाला होता. मी म्हणाले, "आपण परत जाऊ. पोलिसात द्या त्याला."

"नाई ताई." तो तोंडाने श्वास घेत बोलत होता. "म्या बी होतो त्या दिवशी मिलमधी. त्याच्याच एवढा. पायरीवर उभा. बाबा ओरडले, पोतं फाडू नोका, तवा मले वाटलं, फाडा म्हनून ओरडावं. नाई ओरडलो." त्याने रक्त थुंकलं. "त्याले माह्या बाबाले माराचं होतं. बाबा मेले. मंग माह्याशिवाय कोन हाय?"

मी नाकाला पट्टी लावली.

लाईनमन परत आला तेव्हा त्याने कोणाकडे पाहिलं नाही. ताडपत्री अंथरली, चारही सॅक उपड्या केल्या आणि जास्तीचं सगळं लाथाडून बाजूला केलं. माझे मोजेही गेले. शेठच्या सॅकमधून त्याने सामान काढलं, पण चाकू लावला नाही. बहुधा त्या दिवसाचं फाडणं पुरे झालं असावं.

परत जायचं कोणीही म्हणालं नाही. आज विचारलं तर मला कारण सांगता येणार नाही. तळावर स्वयंपाकी आणि खेचरवाला थांबले आणि आम्ही चौघं पहाटे निघालो. वरच्या मुक्कामाला जायला एक अरुंद, उभी घळ चढून जावी लागते. दोन्ही बाजूंनी फुटक्या खडकाच्या भिंती, आणि भिंतींवर ऊन पडायच्या आत वर निघायचं. त्यासाठीच तर सगळी छाटाछाट केली होती.

ओझी आता खरोखर हलकी होती. मी आणि मास्तर भराभर चढत होतो. शेठ मागे पडत होता. त्याचं नाक बंद होतं, तोंडाने घेतलेला श्वास त्या उंचीवर पुरत नव्हता. दहा पावलं चालायचा आणि बर्फात चढाईची कुऱ्हाड रोवून तिच्यावर ओणवा व्हायचा. लाईनमन सगळ्यात पुढे होता. त्याने वळून पाहिलं. आपल्याच मुठीने काय करून ठेवलं आहे, हे त्याला तेव्हा दिसलं. भिंतीच्या माथ्यावर ऊन आलं होतं.

त्याने आम्हाला वरच्या कपारीत शिरायला सांगितलं आणि धडाधड खाली उतरू लागला. घळीतला आवाज स्पष्ट वर येत होता.

"आन इकडं तंबू. दोर बी दे."

"मी नेतो भाऊ."

"काय नेतं? मेल्यासारखा चालून राहिला. आन!" तो शेठच्या सॅकमधलं सामान उपसून आपल्या सॅकमध्ये कोंबत होता. जन्मभर ज्याने दुसऱ्याचं ओझं फेकलं, तो ते आपल्या पाठीवर घेत होता, आणि तेही कोणाचं!

मग वरून पहिला दगड आला. आधी शिट्टीसारखा आवाज, मग भिंतीवर आपटून फुटल्याचा धमाका. त्यामागून दुसरा, मग मोजता येईनात. अख्खी भिंत सुटल्यासारखी झाली. बर्फात खड्डे पडत होते, चिरफळ्या उडत होत्या, गंधकासारखा जळका वास आला. मी लाईनमनला शेठच्या छातीत लाथ घालताना पाहिलं. तशीच लाथ, ताडपत्रीवरची. शेठ उलटापालटा होत एका मोठ्या खडकाच्या आडोशाला जाऊन पडला. लाईनमनला दुसरं पाऊल टाकायला वेळ मिळाला नाही. दगड त्याच्या बरगड्यांवर बसला आणि तो चिंधीसारखा फेकला गेला.

दगड थांबले तसे आम्ही खाली धावलो. तो शुद्धीवर होता. एका कुशीची हाडं हाताखाली करकरत होती, ओठांवर लाल फेस होता. मी औषधवाली आहे, त्या फेसाचा अर्थ मला कळतो. वर पुन्हा खडखड सुरू झाली होती. तिथे थांबणं म्हणजे चौघांनी मरणं.

"सोडा मले," तो म्हणाला. "सांगतलं होतं न."

शेठने त्याच्या कमरेचा चाकू काढला. मला क्षणभर वेगळंच वाटलं, खोटं कशाला सांगू. शेठने आपली निळी सॅक ओढली, उपडी धरली, गदागदा हलवली. होतं नव्हतं ते सगळं घळीतून उड्या मारत खाली गेलं. मग त्याने सॅकच्या तळाला चाकू खुपसला आणि एका बाजूने तो तळ टरकन फाडला. मग दुसऱ्या बाजूने. लाईनमनचे पाय त्या दोन भोकांतून आरपार घातले, सॅक त्याच्या कमरेपर्यंत ओढली, आणि आम्हाला म्हणाला, "उचला. माह्या पाठीवर द्या."

लहान पोराला झोळीत बसवून पाठीवर घ्यावं तसा लाईनमन शेठच्या पाठीवर आला. त्याच्या ओरडण्याने माझ्या कानठळ्या बसल्या. मग तो फाटलेल्या कापडाकडे बघू लागला.

"शेठ... महाग होती बे."

"फाटू दे."

"मी लय जड हाव. फेक मले."

"चूप राय."

आम्ही उतरू लागलो. मी एका बाजूने, मास्तर दुसऱ्या बाजूने. दगड येत होते. एक मास्तरांच्या हेल्मेटला चाटून गेला, एकाने माझ्या पिंढरीचं मांस उडवलं, त्याची खूण अजून आहे. शेठ, ज्याला हलक्या सॅकनिशी दहा पावलांपलीकडे चालवत नव्हतं, तो थांबत नव्हता. नाकावरची पट्टी उडाली होती, रक्त हनुवटीवरून बर्फात ठिबकत होतं. श्वासाबरोबर घशातून कुत्र्यासारखी गुरगुर येत होती. लाईनमन मध्येच काहीतरी बोलायचा. एकदा त्याने खाली विखुरलेलं सामान पाहिलं, डबे, कपडे, शेठची परदेशी दुर्बीण, आणि अगदी हळू म्हणाला, "कोंडा." आणि हसला. तो हसला हे मी शपथेवर सांगते.

घळीच्या तोंडाशी पोचायच्या आधी त्याचा भाजलेला हात माझ्या हातातून सुटला. मी मानेवर बोटं ठेवली. पुन्हा ठेवली.

"शेठ," मी म्हणाले. "थांबा आता. खाली ठेवा."

"नाई."

"तो गेला हो."

"माहीत हाय मले. वजन बदललं." शेठने पट्टे आणखी घट्ट धरले. "पन खाली नाई ठेवत."

मास्तर रडत रडत म्हणाले, "अरे, त्यानंच सांगितलं होतं ना, तिथंच सोडा म्हणून."

"त्याचं कोन ऐकते?" शेठ ओरडला. त्याचा आवाज भिंतींवर आदळून परत आला. तळावरचं गवत लागेपर्यंत तो थांबला नाही. तिथे गुडघ्यांवर बसला, आणि आम्ही लाईनमनला सोडवून घेतलं तरी त्याची बोटं पट्ट्यांवरून निघेनात, एकेक करून उघडावी लागली.

आमचं जमणं त्यानंतर बंद झालं. अंगणात ताडपत्री पडून आहे. मास्तर घरी गडूतून पाणी पितात. मला लाईनमनची आठवण फार येते, आणि येते ती रागासकट येते. मरायची काय घाई होती त्याला?

परवा साकोलीला मिलवर प्रथमोपचाराची पेटी द्यायला गेले होते. आत थप्प्या आता छातीच्या वर जात नाहीत. प्रत्येक थप्पीजवळ खिळ्याला एक चाकू टांगलेला आहे. नवा हमाल आला की त्याला आधी पोतं उचलायला नव्हे, फाडायला शिकवतात. ते काम शेठ स्वतः करतो. त्या दिवशीही एक नवा गडी उभा होता. शेठने धानाने भरलेलं पोतं त्याच्यासमोर टाकलं आणि चाकू त्याच्या हातात दिला. गड्याने पोत्याला जरासा चाकू लावला. चार दाणे भुईवर पडले तसा त्याचा हात थबकला. धानवाल्या घरचा असणार.

"फाड!" शेठ ओरडला. मिलमधली कबुतरं उडाली. "बघतं काय बे? कोंडा हाय थो! फाड!"

गड्याने चाकू खुपसला आणि खालपर्यंत ओढला. धान भसाभस मातीत सांडलं. शेठ वाकड्या नाकाने मोठा श्वास घेत ते सांडणं शेवटपर्यंत बघत राहिला, आणि पोतं रिकामं झाल्यावर त्याने गड्याला दुसरं पोतं आणायला सांगितलं.